डुक्कर कुणाचं?

"गाडी थांबवलीस?" मातालेनाने पुन्हा विचारलं.

"थांबवली ना, आई."

"उतरलास?"

"उतरलो. डुक्कर उठलं, माझ्याकडे रागाने बघितलं आणि केळीत पळालं. मागे धावून त्याची माफी मागू?"

"पोलिसांना सांगितलंस?"

"डुकराचं?"

सेफो हसला. ती हसली नाही. त्याच्या पांढऱ्या पिकअपचा पुढचा दिवा फुटला होता, पत्रा आत गेला होता. त्याच संध्याकाळी, चर्चजवळच्या त्याच वळणावर, म्हातारी पेपे रस्त्याकडेला पडलेली सापडली होती. खुबा मोडलेला, डोक्याला मार, शुद्ध नाही. तिचा मुलगा सोलोमोना तिला आपिया शहरातल्या इस्पितळात घेऊन गेला होता, आणि पांढरी पिकअप पळताना पाहिली, असं गावभर सांगत होता.

मातालेनाला खटकत होतं ते डुक्कर. या गावात डुकराला नुसतं खरचटलं तरी मालक तावातावाने दारात हजर. या डुकराला मालकच नव्हता.

तिने पत्र्याच्या चुणीत बोट घालून बघितलं. केस नाही, रक्त नाही.

"गाडी धुतलीस?"

"रविवारी चर्चला तशीच नेली असती तर तूच ओरडली असतीस."

तेही खरंच होतं. म्हणून तर जास्त भीती वाटली.

दुपारी सेफो तारो कंदांच्या मळ्यात गेल्यावर सोलोमोना आला. चालत आला. त्याची गाडी घरामागे नारळाच्या झावळ्यांखाली झाकलेली असायची हल्ली. उन्हाने रंग उडतो म्हणे.

"तुझी आई कशी आहे, सोलोमोना?"

"श्वास चालू आहे."

तिने कोको दिला. त्याने कप हातात धरून ठेवला. येताना तो फुटलेल्या दिव्याला घासून आला होता, पण तिकडे त्याने मान वळवली नव्हती. आधीच बघून गेला असणार, मातालेनाने ताडलं.

"माझे भाऊ कोयत्याला धार लावून बसलेत," तो कपाकडे बघत म्हणाला. "मला पोलीसबिलीस नकोत. तुमच्यातलं कुणी दारात येऊन बसलं, की मी त्यांना आवरीन."

"आणि सेफो म्हणतो ते खरं असलं तर?"

"त्या डुकराला तर सगळं गाव हसतंय, मातालेना."

कोको तसाच ठेवून तो उठला. ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. आई इस्पितळात असताना माणूस इतका शांत कसा बोलतो? मग तिने स्वतःलाच गप्प केलं. ज्याचं दुःख त्याला. आपण आपल्या पोराचं बघावं.

सेफो खोटं बोलत होता. एकदा हे मनाशी मान्य केल्यावर पुढचं ठरलेलंच होतं. इफोगा. ज्या घराकडून अपराध झाला त्या घराने उजाडायच्या आत समोरच्यांच्या अंगणात जायचं, तलम चटई डोक्यावरून घ्यायची आणि बसून राहायचं. ते चटई उचलतात, तेव्हा माफी. कोयता उचलला, तर तोही सोसायचा. हे काम घरच्या प्रमुखाचं. पण तो, तिचा थोरला भाऊ, न्यूझीलंडला सफरचंदं तोडत होता.

सेफो झोपेत असतानाच ती निघाली. पेटीतली आजीची चटई तिच्या खांद्यावर होती.

सोलोमोनाच्या अंगणातले खडे गुडघ्यांना टोचत होते. चटईखाली केवड्याच्या पातीचा वास, आणि कडेखालून दिसणारी वीतभर जमीन. कोंबडे आरवले. घरात कुणीतरी पडदा वर केला. मग कुजबुज, मग धावती पावलं.

"आली बघ," एक भाऊ म्हणाला. "आता बोलू दे डुकराबद्दल."

कोयत्याचं पातं दगडावर घासलं. मातालेनाने मान आणखी खाली घातली. पोराला मारू नका, एवढंच तिच्या ओठांवर होतं. पण चटईखालून बोलायचं नसतं.

"ठेव तो खाली." सोलोमोनाचा आवाज. "ठेव म्हणतो ना."

"अरे दादा, हिच्या पोरानं आपल्या आईला..."

"गप्प."

तो घरात गेला. मग पेटीचं झाकण आपटल्याचा आवाज आला, आणि पावलं तिच्याकडे येऊ लागली. सावकाश. समोर येऊन थांबली. ती चटई उचलली जायची वाट बघत राहिली.

चटई उचलली गेली नाही. त्या वीतभर फटीतून तिला दिसलं, सोलोमोनाचे गुडघे तिच्यासमोर खड्यांवर टेकले, आणि त्या गुडघ्यांवर, त्याने डोक्यावरून ओढून घेतलेल्या चटईची लाल पिसांची झालर येऊन पडली.