शोपँ आल्यापासून

ग्लासगोच्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर शशिधर घरीही घड्याळावर चालायचे. लेक वीणा पियानोवर मोझार्ट वाजवायची तेव्हा ते खूश असत, कारण एकेक सूर ताल मोजणाऱ्या मेट्रोनोमच्या टकटकीवर नेमका पडायचा. या टर्मला शोपँ हा नवा संगीतकार शिकायला आला आणि वीणाने मेट्रोनोमच बंद करून टाकला.

"मध्येच थांबतेस कशाला?"

"बाबा, मोझार्ट क्लासिकल होता, हा रोमँटिक. जिथून जायला नको वाटतं, तिथे थोडं थांबायचं."

"मग वेळेचं काय?"

"ती पुढे भरून काढायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात दहाला त्यांनी नेहमीसारखा बायकोच्या हातून डबा घेतला, आणि तिच्याकडे बघत ते दारातच उभे राहिले.

"अहो, काही विसरलात का?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "मोटरवेवर भरून काढीन."