मनगटापर्यंतच्या बाह्या

“आमच्या घराण्यात असलं काही नाही,” विशालाक्षीबाईंनी डॉक्टरांना ठणकावले. “हिच्या माहेरचं विचारा.”

हिच्या म्हणजे सुनेच्या. संयुक्ता सहा वर्षांच्या ऋचाला मांडीवर घेऊन बसली होती. मद्रासमधल्या मैलापूरच्या त्या दवाखान्यात एसीखाली दीड तास ताटकळल्यावर मुलीच्या दंडांवर लाल गांधी उठल्या होत्या, डोळे तांबारले होते. दोन वर्षांतला हा सोळावा ताप. दोष सुनेच्या पुण्याकडच्या रक्ताचा, असे बाईंनी नात्यागोत्यात केव्हाच जाहीर केले होते.

“कितीदा तपासलं तरी जंतू सापडत नाहीत,” डॉ. राममूर्ती म्हणाले. तेही बाईंसारखे तंजावरच्या मराठी मंडळींपैकीच. त्यांची आई भजनाला बाईंच्या शेजारी बसे. “शत्रू नसताना शरीर आपणच पेटतं. गारव्याने गांधी, मग ताप, सांधे धरणं. हे बहुधा वंशातून येतं. वेळीच ओळखलं तर औषध आहे. नाही तर पुढे कान जातात. घरात कुणाला आहे असं?”

बाईंनी कानामागे हात धरला. “काय म्हणालात?”

“घरात कुणी बहिरं आहे का, विचारताहेत,” संयुक्ता मोठ्याने म्हणाली. “सांगा ना, आई.”

“वयाने येतं ते. तोंड सांभाळ.”

“चाळिशीत आलं तुम्हाला. प्राणेशनी सांगितलंय.”

“माझ्याच लेकाकडून माझ्या कानांची चौकशी करवतेस?”

बाईंचा नकार धरून डॉक्टरांनी कागदावर लिहिले : वडिलांकडे कुणाला नाही. बाईंनी ती ओळ उलटीकडून वाचली.

मद्रासच्या उकाड्यातही बाईंच्या पोलक्याच्या बाह्या मनगटापर्यंत असत. लोक त्याला सोवळेपणा म्हणत. मार्गळी महिन्यात, म्हणजे धनुर्मासाच्या थंडीत, पहाटेच्या गार स्नानानंतर त्या दार लावून दोन तास बसत. लोक त्याला जप म्हणत. बाईंनी कुणालाच दुरुस्त केले नव्हते.

ऋचाचे ओठ हलले. डॉक्टरांनी मान खाली घातली.

“काय म्हणतेय ती?” बाईंनी विचारले.

“विचारतेय, मलापण आजीसारखं ऐकू येणार नाही का.” संयुक्ताने एकही शब्द गाळला नाही.

बाईंनी उजव्या मनगटावरचे दोन हूक काढले, बाही कोपरापर्यंत सरकवली आणि हात टेबलावर ठेवला. सुरकुत्यांमधून तीन-चार लाल गांधी वर येत होत्या.

“ती ओळ खोडा. सातव्या वर्षापासून आहे. माझ्या आईलाही होतं.”

संयुक्ता नकळत पुढे झाली. तिने सासूच्या खांद्यावरून घसरलेली शाल उचलली.

“हात लावू नकोस,” बाई म्हणाल्या. “मुलीला घेऊन बाहेर उन्हात बस. आणि डॉक्टर, एसी बंद करू नका. गांधी अजून पुरत्या उठलेल्या नाहीत. उठू देत, मग लिहा.”