पाणी आलं गं!

ब्याऐंशी साली अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या घरात वसुधाचं पहिलंच हळदीकुंकू होतं. बायका तासाभरात येणार, सिंकमध्ये भांड्यांचा ढीग, आणि नळाच्या हातफवाऱ्याला, स्प्रेअरला, करंगळीएवढी धार!

“अहो, हा नळ आहे की सर्दीचं नाक?”

श्रीरंगनं स्प्रेअरचं तोंड व्हिनेगरमध्ये भिजवलं, टाचणीनं भोकं मोकळी केली. धार तेवढीच.

“सोलापूरच्या चाळीत नळ आला की ओरडायचीस ना? ओरड तसं!”

वसुधानं पदर खोचून हाळी दिली, “पाणी आलं गंऽऽ!”

स्प्रेअर फसकन उसळला. श्रीरंग नखशिखांत भिजला. दोघं पोट धरून हसली. तो कपडे बदलायला वर गेला, ती गुणगुणत भांडी धुऊ लागली.

पाठीमागे बादल्या खणखणल्या. खांद्यावर ओला हात पडला.

“वसे, आटप की. मागं रांग लागलीय.”