गरम टाकीतले मासे

गरम टाकीतला एकही मासा मेला नाही.

अभिमनने पुन्हा पुन्हा वाकून पाहिलं. शेजारच्या टाकीतले मासे केव्हाच पोटं वर करून तरंगत होते. आज सकाळी दोन्ही टाक्यांतलं पाणी त्याने सारखंच तापवलं होतं, मे महिन्यात आटत चाललेल्या डबक्यासारखं. मासेही सारखेच, मेहरूणच्या तलावातले, एकाच जाळ्यात आलेली पिल्लं. फरक एवढाच, की या टाकीतल्यांना होळीपासून त्याने ऊन पाण्यात ठेवलं होतं आणि त्या टाकीतले मजेत थंड पाण्यात वाढले होते. कॉलेजात शिकवता शिकवता पीएच.डी. करणाऱ्या माणसाला आणखी काय हवं? बाहेर एक्क्याण्णव सालचा मे जळगावला भाजून काढत होता आणि हा गडी प्रयोगशाळेत एकटाच हसत होता.

तेवढ्यात अक्का डबा घेऊन आली. अक्का म्हणजे वच्छला, त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा ती चौदा वर्षांची होती. दोन धाकटे भाऊ, कारखान्यात पाळीवर जाणारे आबा आणि चूल, सगळं त्या दिवशी तिच्या अंगावर पडलं. धाकटा आता नोकरीला नाशिकला होता. आबांचं अर्धं अंग गेलं होतं. त्यांना उठवणं, बसवणं, भरवणं, तेही अक्काच करायची.

एवढ्यातून तिने बाहेरून दहावी केली होती. उद्या तिला धुळ्याला नर्सिंगच्या कोर्सला हजर व्हायचं होतं. दीड वर्ष तिथेच राहायचं. यंदा गेली नाही तर वयात बसणार नव्हती. आणि आज सकाळी आमच्या या शहाण्याने तिला काय सांगावं? "अक्का, नको ना जाऊस. आबांचं मला नाही जमायचं. तुझ्या सगळं अंगवळणी पडलंय." अक्का "बरं" म्हणाली. पेटीत भरलेले कपडे तिने परत दांडीवर टाकले आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. आपल्यासाठीही कधी भांडायचं असतं, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

"अक्का, इकडे ये. हे बघ," अभिमन म्हणाला.

अक्का टाकीवर वाकली. "बठ्ठा जित्ता शेतस?"

"सगळे. का जगले, सांगू? जिवाच्या प्रत्येक पेशीत हजारो जनुकं असतात. ती सगळी एकदम काम करत नाहीत. उष्मा सोसवेनासा झाला की त्यातली काही जागी होतात आणि एक खास प्रथिन बनवायला लागतात. उष्म्याने पेशीतली बाकीची प्रथिनं विस्कटतात, त्यांना हे प्रथिन सावरून धरतं. या माशांची ती जनुकं आधीपासून जागी होती. म्हणून आज निभावलं."

अक्काला त्यातलं किती कळलं कोण जाणे. पण भाऊ असा भरभरून बोलायला लागला की तिला बरं वाटायचं. ती मन लावून ऐकत होती. मग तिने एकदा या टाकीत पाहिलं, एकदा त्या टाकीत.

"पन इतला बारीक काबर शेतस रे भाऊ?"

ते खरंच होतं. मेलेले मासे चांगले बोटभर लांब झाले होते. जगलेले त्यांच्या निम्मे. अभिमनने मोजमाप घेतलं होतं, पण प्रबंधात शेवटी कुठेतरी एका ओळीत ते उरकून टाकायचं त्याने ठरवलं होतं.

"वाढ थांबते त्यांची," डबा उघडत तो म्हणाला. "पेशी सगळी ताकद तिकडेच लावते ना. सोसायचं म्हटलं की बाकीची कामं बंद."

"असं व्हय," अक्का म्हणाली, आणि त्याला पाणी द्यायला म्हणून फळीवरचा पेला काढायला गेली. टाचा उचलल्या, हात ताणला, तरी पेला हाताला लागेना. अभिमनने उठून काढून दिला. ती जेमतेम त्याच्या छातीला लागत होती.

आबा सहा फुटी. दोघे भाऊ ताडमाड. फोटोतली आईसुद्धा आबांच्या खांद्याच्या वर. अक्का कोणावर गेली कोण जाणे, ही घरातली जुनी चेष्टा होती आणि अक्काही त्यावर हसायची. आई गेली त्या वर्षी शिवलेला झंपर तिला अजून व्हायचा. किती जपून वापरते बघा, म्हणून आल्यागेल्यासमोर आबा तिचं कौतुक करायचे. सगळ्यांची जेवणं झाल्यावर टोपलीत उरेल ते घेऊन ती चुलीपाशी बसायची, हेही अभिमनला आत्ताच आठवलं. मोडलेला घास हातातच राहिला.

"आते पानी थंडं करशी ना?" अक्काने विचारलं. माशांचंच विचारत होती बिचारी.

अभिमनने हीटरचं बटण बंद केलं. पेल्यातलं पाणी घटाघटा प्यायला आणि न जेवताच डबा लावून टाकला.

"चल घरी. पेटी भरायची आहे."

"कोनी?"

"तुझी. सकाळच्या पहिल्या गाडीने धुळ्याला सोडतो तुला."

अक्काने पदराने कपाळ पुसलं, मग डोळे पुसले, आणि लगेच तिची काळजी सुरू झाली. "आबाले कोन देखी? तुले भाकरीबी थापता येत नही. कसं व्हई? तुले सवय नही रे भाऊ."

अभिमनने डब्याची पिशवी तिच्या हातातून काढून घेतली.

"तुला तरी कुठं होती, अक्का?"