"हौ" म्हणणारी

ऋचाला कादंबरीसाठी खरीखुरी बाई हवी होती. मलकपेठेतल्या घरात कुसुमताईंसारखी सासू असताना बाहेर कशाला शोधायची? "माझी जाऊ घे, त्रिवेणी," त्या ठसक्यात म्हणाल्या. "असली बाई तुमच्या पुण्यात सापडायची नाही."

त्यांनी सांगितलेलं सगळं ऋचानं मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि लगेच लावून बघितलं. कुसुमताईंच्या प्रत्येक वाक्यामागून कुणीतरी हळूच "हौ" म्हणत होतं.

"हुंकार द्यायला शिकलीस की गं!"

"मी नाही, आई. मी 'हौ' कुठे म्हणते?"

या घरात "हो"ऐवजी दखनीतलं "हौ" म्हणणारी एकटी त्रिवेणीच होती, माहेर गौलीगुड्याचं. तिला मरून तीस वर्षं झाली होती.

मोबाइलमधल्या कुसुमताई पुढे सांगत होत्या, "एक दिवस ती आपल्या पायांनी घर सोडून गेली. मी किती अडवलं!"

इथे मात्र "हौ" आलं नाही.

ऋचानं मोबाइल बंद केला. कुसुमताईंनी पदर सारखा केला. हीच गोष्ट सांगून त्यांनी इतकी वर्षं भावकीत मान राखला होता.

"हे पुस्तकात लिहायचं नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "मीच तिला बाहेर काढून आतून कडी घातली."

"हौ," त्यांच्या खांद्यामागून आवाज आला. "फिर?"