मिल बँक प्रभागातलं एक मत

सहाशे बारा आणि सहाशे बारा. मतपत्रिकांचे दोन्ही गठ्ठे तिसऱ्यांदा मोजले तरी आकडा जागचा हलेना. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये मांडलेल्या टेबलांभोवतीची माणसं गप्प झाली. हार्कली गावच्या कौन्सिलमध्ये एवढी शांतता कुणी मेल्यावरच पाळतात, आणि ही पोटनिवडणूकही एका म्हाताऱ्या सभासदाच्या मरणामुळेच लागली होती.

१९७३ साली कौन्सिल झालं तेव्हापासून मिल बँकमधून सत्ताधारी पक्षाखेरीज कुणीच निवडून आलं नव्हतं. ब्रेंडा हॉलरॉइड अपक्ष उभी राहिली तेव्हा लोक हसले होते. सदुसष्ट वर्षांची, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली बाई. तिचं मागणं एकच: फर्न हाउस बंद करू नका. स्मृती गेलेली बावीस माणसं तिथं दिवसभर बसत, जेवत, एकमेकांना रोज नव्यानं भेटत. त्यातला एक तिचा नवरा विल्फ. कौन्सिलमध्ये ते बंद करायच्या बाजूनं वीस आणि विरोधात वीस सभासद होते, तेव्हा फर्न हाउसचं काय ते या एका जागेवर ठरणार होतं. ते बंद झालं तर विल्फला चाळीस मैलांवरच्या, बाहेरून कुलूप लावणाऱ्या वृद्धाश्रमात धाडावं लागेल, असं डॉक्टरनं सांगून ठेवलं होतं. दिवसभर त्याला एकटीनं सांभाळणं आता तिच्या पाठीला झेपत नव्हतं.

"एक मतपत्रिका बाजूला काढून ठेवलीय," निवडणूक अधिकारी मिसेस पेल म्हणाल्या. "दोघांनी बघून घ्या."

ब्रेंडाच्या नावासमोर फुली होती. चौकोनाच्या बरोबर मधोमध. आणि फुलीखाली, पेन्सिल न उचलता काढलेला एक छोटा पक्षी, शेपटी वर केलेला.

ब्रेंडा पत्रिकेवर वाकली.

विल्फ सुतार होता. चाळीस वर्षं त्यानं हार्कलीचे जिने, दारं आणि शवपेट्या केल्या, आणि प्रत्येक कामावर हा पक्षी काढला, पण कुणाला दिसणार नाही अशा जागी. दाराच्या खालच्या कडेला, खणाच्या बुडाला. "काम चांगलं झालं की बास, मिरवायचं कशाला?" म्हणायचा. लग्न झालं त्या आठवड्यात त्यानं ब्रेंडाला पलंगाखाली शिरायला लावलं होतं आणि काडी पेटवून तो पक्षी दाखवला होता. तिच्याखेरीज तो कुणालाच ठाऊक नव्हता.

कालच ती त्याला चर्चच्या हॉलमध्ये मतदानाला घेऊन गेली होती. आडोशामागे तिला जाता येत नव्हतं. विल्फनं तिथं इतका वेळ लावला की कुत्र्यांना घेऊन रांगेत उभे असलेले लोक कुरकुरायला लागले. बाहेर आल्यावर तो तिला म्हणाला, "माझी बायको उभी राहिलीय, बाई. तिलाच दिलं मी मत." वर्षभर तो तिला बाईच म्हणत होता, फर्न हाउसमधली कुणी मदतनीस समजून.

"माझी हरकत आहे," समोरच्या पक्षाचा तरुण कार्यकर्ता म्हणाला. "अशी खूण म्हणजे सहीच झाली. मत कुणाचं ते कळलं की मत बाद. नियम आहे."

"नियम मला पाठ आहे," मिसेस पेल म्हणाल्या. "पण या पक्ष्यावरून मला तरी कुणी कळत नाही. इथं कुणाला कळत असेल तर मत बाद, आणि मग चिठ्ठ्या टाकायच्या. नसेल कळत तर मोजायचं. मिस्टर स्टॉट?"

समोरच्या उमेदवारानं चष्मा लावला. "चिमणी दिसतेय. आमच्या अंगणात पन्नास येतात." त्यानं नकारार्थी मान हलवली.

"मिसेस हॉलरॉइड?"

ब्रेंडा पत्रिकेकडे बघत राहिली. शेपटीचा तो झटका अजून तसाच होता. विल्फच्या डोक्यातून तिचा चेहरा गेला होता, हात तेवढा शाबूत राहिला होता, आणि त्या हातानं तिला एकटीला कळेल असा निरोप पाठवला होता. वर्षभरात पहिल्यांदा. तिला तो कागद गालाला लावावासा वाटला. बावीस खुर्च्या तिच्या डोळ्यांपुढे आल्या, आणि ते कुलूप.

"नाही," ती म्हणाली. "माझ्या ओळखीचा नाही हा पक्षी."

मिसेस पेलनी माईक घेतला. "मिल बँक प्रभाग. पक्ष्याची खूण असलेली एक मतपत्रिका दोन्ही उमेदवारांना दाखवली. ती खूण कुणीही ओळखली नाही, म्हणून मत ग्राह्य धरलं आहे. ब्रेंडा हॉलरॉइड, सहाशे तेरा."

टाळ्या झाल्या. ज्यांनी हसून घेतलं होतं तेही हात मिळवायला पुढे आले. ब्रेंडा त्यांच्यातून वाट काढत मागच्या रांगेकडे गेली. तिथं शेजारची एडना विल्फला घेऊन बसली होती. चहाचा कप त्याच्या हातात तसाच भरलेला होता.

"विल्फ, जिंकलो आपण," ती त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसून म्हणाली. "फर्न हाउस राहतंय. तुला कुठंही जायला नको."

तो तिच्याकडे बघत नव्हता. त्याची नजर माईककडे होती, आणि डोळे भरून आले होते. त्यानं तिच्या बाहीला हात लावला.

"बाई, तुम्ही ऐकलंत ना? माझ्या बायकोला पक्षी दाखवला त्यांनी. तिनं ओळखला नाही." त्यानं आवाज खाली आणला. "विसरायला लागलीय बिचारी. तिच्याकडे जरा लक्ष ठेवाल का?"