हात सोड

"उतरू नका. धावपट्टीवर विमान बंद पडलंय. वर जा," टॉवरमधून मोघ्यांचा आवाज आला.

"उतरतोय," शिकाऊ हेरंब सवयीनं बोलून गेला.

शेजारी बसलेल्या त्याच्या प्रशिक्षक शर्वाणी ठोंबरेंनी लगेच दुरुस्ती केली, "उतरत नाही, वर जातोय." त्यांनी इंजिनाला पूर्ण जोर दिला, पण विमान वर उठेना. हेरंबनं कंट्रोलचा दांडा दोन्ही हातांनी पुढे दाबून धरला होता, त्यामुळे विमानाचं नाक खालीच राहत होतं. खाली बंद विमानातून एक मुलगी उडी मारून पळत होती आणि तो तिच्याकडेच बघत गोठला होता.

"हेरंब, हात सोड."

त्याला ऐकूच जात नव्हतं. शर्वाणींनी त्याचे हात ओढले, नखं रुतवली, दंडाचा चावा घेतला. शेवटी सीटजवळचं आग विझवायचं लोखंडी नळकांडं उचलून त्याच्या उजव्या मनगटावर सगळ्या ताकदीनं हाणलं. हाड मोडलं. तो किंचाळला आणि त्याचे हात सुटले. त्यांनी दांडा पोटाशी ओढला. चाकं खालच्या विमानाच्या शेपटीवरून जेमतेम निसटली.

धावपट्टी मोकळी होईपर्यंत त्या घिरट्या घालत राहिल्या. "उतरल्यावर ॲम्ब्युलन्स लागेल," त्यांनी टॉवरला कळवलं.

"धडक तर बसली नाही. मग काय झालं?" मोघ्यांनी विचारलं.

शर्वाणी काही सांगण्याआधीच हेरंबनं डाव्या हातानं रेडिओचं बटण दाबलं.

"माझं मनगट मोडलंय, सर. मॅडमनी मोडलं. मी सोडत नव्हतो." त्यानं लगेच विचारलं, "ती मुलगी कशी आहे?"

"उभी आहे," मोघे म्हणाले. "तुमच्याकडेच बघतेय."